मदत हवी आहे: सागरी विज्ञानातून धोरणाच्या कामात कसं शिरायचं?

नमस्कार मंडळी. सागरी जीवशास्त्रात एम.एस्सी. झालंय, सध्या रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर मासळीची मापं घेते. लिलावाच्या टोपल्यांत तळहाताएवढी पापलेटं दिसतात. २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींच्या मासळीसाठी किमान आकार ठरवला, त्याच वर्षी पापलेटला राज्य मासाही केलं (मान मिळाला, वाढायला वेळ नाही!). असे आकार प्रजननाच्या अभ्यासावरून ठरतात, पण पुढे जाळ्याचे आस (छिद्रांचा आकार), तपासणी, दंड हे सगळं कागदावर कोण आणतं? मला तेच काम करायचंय.

पीएच.डी. आधी करावी, की कायदा किंवा सार्वजनिक धोरणाची पदवी? एमपीएससीतून मत्स्यव्यवसाय विभागात गेलेलं कुणी आहे का? घरचे 'बँकेची परीक्षा दे' म्हणतायत, तो सल्ला सोडून काहीही चालेल.