ट्रामाडॉल या सवय लागू शकणाऱ्या वेदनाशामक गोळीची नोंद कुठे होते का? (इंदूर)

रामबागची सून: सासऱ्यांच्या उशीखाली तीन दुकानांच्या ट्रामाडॉलच्या स्ट्रिप्स सापडल्या, डॉक्टरची चिठ्ठी एकच, तिच्या घड्या पडून फाटायला आलीये. कुणी बघतं की नाही हे?

औषधवाला दादा: ताई, ट्रामाडॉल शेड्यूल एच१ मध्ये (चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांची सरकारी यादी) आहे, डॉक्टर, पेशंट, किती गोळ्या हे वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ३ वर्षं ठेवावंच लागतं. पण माझं रजिस्टर माझ्याच गल्ल्यापाशी, पलीकडच्या दुकानाला काय कळणार! अमेरिकेत राज्याचा ऑनलाइन डेटाबेस असतो, डॉक्टर गोळी लिहिण्याआधी त्यात बघू शकतो.

मंजूमावशी: झोपेची गोळीपण घेतात का ते आधी बघ गं, दोन्ही मिळून श्वास मंदावतो. आणि एकदम बंद नको करूस, सगळ्या स्ट्रिप्स घेऊन डॉक्टरकडे जा.

रामबागची सून: झोपेसाठी अल्प्राझोलाम घेतात रात्री... आत्ताच निघते.