फ्रीज-एसीच्या ट्रेडचे पहिले महिने : आपला अनुभव लिहा

यंदा दहावी झालेल्या माझ्या मुलीला आयटीआयमध्ये प्रशीतन व वातानुकूलन या दोन वर्षांच्या ट्रेडला प्रवेश मिळाला आहे. पसंतीक्रमात तिने इलेक्ट्रिशियन पहिला लिहिला होता आणि हा तिसरा, त्यामुळे घरातला आनंद जरा बिचकतच झाला. आम्ही इंदिरानगरला राहतो आणि नात्यात या कामातले कोणी नाही; सासूबाईंच्या मते तर नात आता खांद्यावर सिलिंडर घेऊन गल्लोगल्ली हिंडणार. ज्यांनी नाशिकमध्ये किंवा आसपास हे शिक्षण घेतले, अर्ध्यावर सोडले किंवा इतरांना शिकवले, त्यांनी सुरुवातीचे महिने प्रत्यक्षात कसे गेले ते लिहावे, अशी विनंती आहे. पगाराचे आकडे नकोत. ते प्रत्येक जण वेगळे सांगतो.

सातपूर, अठरा वर्षे दुरुस्तीच्या कामात

ताई, मुलीला आधीच सांगून ठेवा की पहिले काही आठवडे तिला एसी दिसणारच नाही. मी पहिल्या दिवशी नवा स्क्रूड्रायव्हर खिशात घालून गेलो होतो आणि माझ्या हातात पडली ती कानस. लोखंडाची एक पट्टी शिकंज्यात धरायची, घासायची, गुण्या लावून उजेडाकडे धरायची आणि फटीतून प्रकाश दिसला की पुन्हा घासायची, हा दिनक्रम इतका लांबला की आपण चुकून फिटरच्या वर्गात बसलो आहोत, असे मला वाटू लागले. तळहाताला फोड आले, ते फुटले, मग कातडी निबर झाली. त्या पट्टीचा एसीशी काय संबंध, हे मला पुढे तांब्याच्या नळीचे तोंड फ्लेअर करताना, म्हणजे नटात बसण्यासाठी कर्ण्यासारखे पसरवताना कळले. नळी तिरपी कापली गेली किंवा आतली धार नीट काढली नाही, तर नट कितीही आवळला तरी गॅस गळतोच. सरळ म्हणजे काय, हे तोवर डोळ्याला आणि हाताला ठाऊक झालेले असावे लागते.

त्यानंतर वीज आली. गॅस दाबून फिरवणाऱ्या, बंद डब्यासारख्या कंप्रेसरला विजेच्या जोडणीची तीन टोके, म्हणजे टर्मिनल असतात : कॉमन, स्टार्ट आणि रन. त्यांवरची खूण पुसलेली असेल, तर दोन-दोन टर्मिनलमधला रोध मीटरने मोजायचा. सर्वांत जास्त आकडा ज्या जोडीत येतो, ती स्टार्ट आणि रन, म्हणजे उरलेले ते कॉमन. मग कॉमनपासून ज्याचा रोध जास्त ते स्टार्ट आणि कमी ते रन. या दोन आकड्यांची बेरीज पहिल्या मोठ्या आकड्याशी जुळली पाहिजे. हे गणित जुळले त्या दिवशी मला प्रथमच वाटले की आपल्याला हा ट्रेड जमेल. दहावीच्या गणितात मी कसाबसा काठावर पास झालो होतो, हेही येथे नोंदवतो.

पिंपळगाव बसवंतजवळ, शीतगृहात ऑपरेटर

आमची द्राक्षबाग आहे, म्हणून मी हा ट्रेड मुद्दाम निवडला. द्राक्षे बागेतून येतात तेव्हा मण्याच्या गरात दिवसाची उष्णता साठलेली असते. प्रीकूलिंगच्या खोलीत पेट्यांमधून थंड हवा जोराने ओढून सहा ते आठ तासांत गराचे तापमान 4 अंशांच्या आसपास आणावे लागते आणि त्यानंतरच माल 0 ते 1 अंशाच्या साठवण खोलीत जातो. तेथे आर्द्रताही 90 ते 95 टक्के राखावी लागते, नाहीतर देठ वाळतात, आणि देठ तपकिरी पडलेला घड परदेशी गिऱ्हाईक घेत नाही. घरातल्या एसीकडे पाहून हा ट्रेड जोखणाऱ्यांनी हंगामात एकदा निफाड किंवा दिंडोरीकडे यावे.

मला धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. वर्षभर मी तांब्याची नळी वाकवायला, फुगवायला आणि जोडायला शिकलो होतो. सरावासाठी ज्या मोठ्या शीतगृहात गेलो, तेथे गॅसच्या नळ्यांत तांबे औषधालाही नव्हते. तेथे अमोनिया होता आणि ओलाव्यासह अमोनिया तांब्याला खातो, म्हणून सगळे काम पोलादी पाइपांचे होते. अमोनियाचा वास इतका थोड्या गळतीलाही नाकात शिरतो की माणूस आपोआप दाराकडे वळतो. वारा कोणत्या दिशेने आहे आणि मुखवटा कोठे टांगलेला आहे, हे कामाला हात लावण्यापूर्वी पाहायचे, ही सवय मला तेथल्या जुन्या ऑपरेटर काकांनी पहिल्याच दिवशी लावली.

नाशिक रोड, याच ट्रेडची माजी विद्यार्थिनी

आमच्या वर्गात मुली दोनच होत्या. मशीन उचलण्याची भीती लोक घालतात, पण आउटडोअर युनिट एकटा मुलगाही उचलत नाही, त्याला दोघे लागतातच. खरा त्रास वेगळा आहे : पहिल्या वर्षी आम्हां दोघींकडे वही, हजेरी आणि साहित्याची नोंद सोपवली जायची आणि नळ्या सांधायची ज्योतीची टॉर्च मुलांच्या हाती जायची. दुसऱ्या महिन्यात आम्ही निदेशक सरांना स्पष्ट सांगितले की नोंदीचे काम पाळीपाळीने सर्वांना द्यावे. त्यांनी ऐकले, त्यांच्या ते लक्षातच आले नव्हते. तुमच्या मुलीने इतकेही थांबू नये.

एक गोष्ट मात्र मला फार आवडली होती. पहिल्या थिअरीच्या तासाला सरांनी सांगितले की विलिस कॅरिअर यांनी 1902 मध्ये जी वातानुकूलन यंत्रणा आखली, ती ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी होती, कारण दमट हवेने कागद फुगायचा आणि एकावर एक छापायचे रंग जागेवर बसत नसत. नोटांच्या छापखान्याच्या गावात वाढलेल्या मला ते ऐकून हा विषय एकदम घरचा वाटला. गारव्याआधी हवेतला ओलावा, हा क्रम तेव्हापासून डोक्यात बसला आहे.

सिडको, चार महिन्यांत सोडलेला

मला उंचीची भीती वाटते. इमारतीच्या बाहेरच्या लोखंडी घोडीवर बसून नट आवळण्याची वेळ आली, तेव्हा माझे पाय थरथरले आणि बरोबरच्या माणसाकडे कंबरेचा पट्टाही नव्हता. ते प्रशिक्षणाचे काम नव्हते. ओळखीच्या एका दुकानदाराबरोबर मी सुटीत गेलो होतो. आता मी टर्नर आहे आणि सुखात आहे. सुटीत कामावर पाठवायचे असेल, तर आधी पट्टा आहे का ते विचारा.

म्हसरूळ, सेवानिवृत्त शिल्प निदेशक

वरील मंडळींनी बरेच लिहिले आहे, मी फक्त गॅसविषयी लिहितो, कारण नवशिक्यांचे अपघात तेथे होतात. दाब तपासण्यासाठी नायट्रोजनच वापरावा. ऑक्सिजन कधीही नाही, कारण कंप्रेसरमधल्या तेलाशी तो दाबाखाली आला की स्फोट होतो. ब्रेझिंग करतानाही, म्हणजे ज्योतीने धातू वितळवून नळ्या सांधतानाही, नळीतून नायट्रोजनचा बारीक झोत सोडावा. तो सोडला नाही, तर आतून काळी खपली धरते, ती पुढे सुटते आणि फ्रीजच्या कॅपिलरी नावाच्या बारीक नळीत अडकते, जिचे भोक एक मिलिमीटरहूनही बारीक असते. बाहेरून जोड सुंदर दिसत असतो आणि महिनाभराने फ्रीज गार होत नाही.

मी शिकवायला लागलो तेव्हा थंड करणारा गॅस म्हणून सगळीकडे आर-22 होता आणि तो पेटत नसे, त्यामुळे जुन्या मेकॅनिकांच्या सवयी बेफिकीर आहेत. ओझोनच्या थरासाठी झालेल्या 1987 च्या मॉन्ट्रियल कराराप्रमाणे तो मागे पडत गेला. आज नव्या घरगुती एसीत बहुधा आर-32 असतो, जो सौम्य ज्वलनशील आहे आणि ज्याचा दाब आर-22 च्या दीडपटीहून अधिक असतो. फ्रीजमध्ये आयसोब्युटेन असतो, म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसचाच भाऊबंद. म्हणून जुन्या मेकॅनिकच्या हाताखाली शिकताना त्याचे हात पाहावेत, पण त्याच्या तोंडातली विडी पाहून शिकू नये. कपॅसिटरला, म्हणजे मोटरजवळच्या वीज साठवणाऱ्या भागाला, हात लावण्यापूर्वी तो रोधक जोडून रिकामा करावा. वीज बंद केली तरी त्यात भार उरतो, हे मी दरवर्षी सांगत असे आणि दरवर्षी एखादा विद्यार्थी स्वतः खात्री करून घेत असे.

आणखी एक. ‘टन’ हे वजन नव्हे, हे पहिल्या आठवड्यात समजून घ्यावे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषतो, तो उष्णता काढण्याचा वेग म्हणजे एक टन, साधारण 3.5 किलोवॅट. गारवा कोणी तयार करत नाही, उष्णता एका जागेवरून उचलून दुसरीकडे टाकली जाते. थंडीत खोली गरम करणारा एसीही तेच करतो. त्यातला चारमार्गी व्हॉल्व्ह वायूचा रस्ता फक्त उलटा करतो.

धागाकर्तीकडून

सर्वांचे मनापासून आभार. सासूबाईंनाही सगळे वाचून दाखवले. द्राक्षांचा भाग त्यांनी दोनदा ऐकला. मुलीचे वर्ग सोमवारी सुरू झाले आणि काल ती उजव्या तळहातावर दोन फोड घेऊन घरी आली. पट्टी अजून सरळ झालेली नाही म्हणे. रात्री ती आमच्या फ्रीजची मागची बाजू उघडू पाहत होती. सरांचा कपॅसिटरचा परिच्छेद वाचून होईपर्यंत मी पक्कड कपाटात कुलपात ठेवली आहे.