अँटीपोपने नेमलेले कार्डिनल ‘नकली’ कसे काय?

भटका_जोशी:
जुन्या कार्डिनल लोकांच्या (पोप निवडणारे वरिष्ठ धर्माधिकारी) याद्या चाळत बसलो होतो (हो, असले उद्योग करतो मी रविवारी), तर १३७८ ते १४१७ मधल्या कितीतरी नावांपुढे ‘स्यूडो-कार्डिनल’ असा शिक्का. का, तर ज्याने टोपी दिली (म्हणजे कार्डिनल केलं) तो पोप आज अधिकृत यादीत बसत नाही, तो अँटीपोप, म्हणजे खोटा दावेदार ठरतो. मला हे अजिबात पटत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मार्च १३७८ ला अकरावा ग्रेगरी रोममध्ये वारला. त्याआधी जवळजवळ सत्तर वर्षं पोप लोकांचा मुक्काम आजच्या फ्रान्समधल्या अ‍ॅव्हिन्यॉनला, त्यामुळे रोमची पब्लिक खवळलेली, बाहेर ‘रोमन पाहिजे, निदान इटालियन तरी द्या’ असा गोंधळ आणि आत १६ कार्डिनल. त्यांनी बारीचा आर्चबिशप निवडला, तो सहावा अर्बन. हा बाबा निघाला भलताच तापट. उन्हाळ्यात कार्डिनल एकेक करून सटकले, म्हणाले आम्ही जिवाच्या भीतीने मतं दिली, आणि २० सप्टेंबरला फोंदी गावात रॉबर्ट ऑफ जिनिव्हाला सातवा क्लेमेंट करून टाकलं. झाले दोन पोप, दोन कार्डिनल मंडळं. १४०९ ला पिसामध्ये भांडण मिटवायला जमले, तर तिसरा पोप उभा राहिला!

आता गंमत बघा. १४१७ ला कॉन्स्टन्सच्या कौन्सिलमध्ये (चर्चच्या मोठ्या सभेत) पाचवा मार्टिन निवडून आला आणि भांडण मिटलं, त्याच्या मतदारांत २३ कार्डिनल होते. त्यातला झां द ब्रोन्यी हा अ‍ॅव्हिन्यॉनच्या क्लेमेंटने १३८५ ला नेमलेला. पिएर दायी आणि फियास्त्र हे दोघं पिसावाल्या जॉनने (तिथल्या दुसऱ्या पोपने) १४११ ला नेमलेले. म्हणजे याद्यांच्या हिशोबाने तिघंही नकली, पण यांच्या मतांनी आलेला पोप मात्र एकदम अस्सल. नकली नोटांनी खरं सोनं घेतल्यासारखं झालं हे.

फडके_वकील:
जोशीबुवा, सोन्याचं उदाहरण छान आहे पण तिथे गफलत झाली आहे. कॉन्स्टन्सला मतदार फक्त २३ नव्हते, ५३ होते. पाच ‘नेशन्स’चे (देशांनुसार पाडलेल्या गटांचे) प्रत्येकी सहा असे ३० जण कार्डिनल नसलेले, आणि हा नियम सगळ्यांनी मिळून ठरवलेला. त्याआधी रोमच्या बाराव्या ग्रेगरीने ४ जुलै १४१५ ला कौन्सिलला आपल्या नावाने मान्यता देऊन राजीनामा दिला. तेव्हा मार्टिनची निवड टिकते ती त्या सहमतीवर, ब्रोन्यीला टोपी कोणी दिली त्यावर नाही.

आणि भीतीचं म्हणाल तर त्याच कार्डिनलांनी एप्रिलमध्ये अर्बनचा राज्याभिषेक केला, अ‍ॅव्हिन्यॉनला मागे राहिलेल्या सहकाऱ्यांना निवड व्यवस्थित झाली म्हणून कळवलं, त्याच्याकडे अर्ज-विनंत्याही केल्या. ऑगस्टमध्ये अचानक आठवलं की आपण घाबरलो होतो? खुर्चीवर बसवलेला माणूस अंगावर ओरडायला लागला, हे खरं कारण. स्वभाव वाईट म्हणून निवड रद्द होत नसते. मग क्लेमेंटकडे अधिकारच नव्हता, आणि जो अधिकार नाही तो पुढे वाटणार कसा?

वसईची_मावशी:
दोघांचंही वाचलं. एक फरक दोघांच्या लिहिण्यात निसटतोय. बिशपची दीक्षा हा सॅक्रामेंट (पवित्र संस्कार) आहे, चुकीच्या बाजूच्या बिशपने दिली तरी ती पुसली जात नाही. कार्डिनल हे पद आहे, दीक्षा नाही. त्यामुळे वकीलसाहेबांचा मुद्दा नुसत्या कायद्याने बरोबर आहे.

पण लक्झेंबर्गच्या पीटरचं काय करणार? क्लेमेंटने १३८४ ला या पोराला कार्डिनल केलं, १३८७ ला अठरा पूर्ण व्हायच्या आत गेला बिचारा. आणि १५२७ ला चर्चने त्याला ‘धन्य’ जाहीर केलं. कोणी? सातव्या क्लेमेंटनेच! म्हणजे दुसऱ्या, अधिकृत सातव्या क्लेमेंटने, कारण पहिल्याचा आकडा मोजलाच नव्हता. चर्च स्वतः याबाबत याद्या बनवणाऱ्यांइतकं कडक कधीच नव्हतं.

(आमच्याकडे पाद्रोआदो (पोर्तुगालच्या राजाचा अधिकार) आणि प्रॉपगंडा (थेट रोमचं खातं) अशा दोन अधिकारांच्या भांडणात मुंबईचे पॅरिश १९२८ पर्यंत वाटलेले होते. तिथे पोप एकच होता, तरी एवढा घोळ. दोन पोप म्हणजे विचारच नको.)

फडके_वकील:
मावशी, पीटरला धन्य केलं ते त्याच्या आचरणासाठी, टोपीसाठी नाही. आणि चर्च कडक नव्हतं म्हणता? ११३० च्या फुटीत इनोसंट आणि अनाक्लेटस असे दोन पोप होते; पिसाचा पीटर हा कार्डिनल अनाक्लेटसच्या बाजूला होता, खुद्द संत बर्नार्डने वाद घालून त्याला इनोसंटकडे आणलं, तरी ११३९ च्या लॅटरन कौन्सिलमध्ये इनोसंटने त्याचं पद काढून घेतलं. बर्नार्ड चिडला, उपयोग शून्य. कॉन्स्टन्सनंतर टोप्या राहू दिल्या ती माफी होती. माफी देतात म्हणजे चूक झाली होती ना?

भटका_जोशी:
माफी पराभूताला देतात वकीलसाहेब. मार्टिन स्वतः १४०९ पासून पिसावाल्यांच्याच कंपूत होता, तो कोणाला कसली माफी देणार! उलट पदच्युत जॉनला त्याने १४१९ ला परत कार्डिनल केलं.

आता माझा खरा मुद्दा. पिसाचे दोन पोप, पाचवा अलेक्झांडर आणि तो जॉन, व्हॅटिकनच्या वार्षिक यादीत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत रीतसर पोप म्हणून छापले जायचे. १९४७ ला यादी दुरुस्त झाली, आणि १९५८ ला नव्याने पोप झालेल्या रोंकाल्लीने पिसावाल्याचंच तेविसावा जॉन हेच नाव घेऊन विषय संपवला. म्हणजे दायीसाहेब मेल्यावर पाचशेहून जास्त वर्षं खरे कार्डिनल होते आणि एका छपाईत नकली झाले. अलेक्झांडरचा आकडा मात्र अजून तसाच आहे, नाहीतर नंतरचा बोर्जिया पोप सहावा अलेक्झांडर कसा? पाचवा झाला असता की.

खवट_खारी:
मग जोशीकाका, झां कारिए चालतो का तुम्हाला? स्पेनमधल्या पेनिस्कोलाच्या किल्ल्यात अडून बसलेल्या, अ‍ॅव्हिन्यॉनच्या बाजूच्या तेराव्या बेनेडिक्टने मरायच्या आधी चार कार्डिनल नेमले, तिघांनी १४२३ ला एक पोप निवडला, चौथा हा कारिए. तो म्हणाला तिघांनी लाच खाल्ली, आणि १४२५ ला एकट्याने स्वतःचा वेगळा पोप निवडला. मतदान एकमताने झालं असणार 😄

भटका_जोशी:
नाही, तो नकलीच. मी म्हणतोय ते ज्याला अर्धा युरोप मानत होता त्याच्या नेमणुकांबद्दल.

फडके_वकील:
अच्छा, म्हणजे आता डोकी मोजायची. तेराव्या बेनेडिक्टला १४१७ च्या जुलैमध्ये कॉन्स्टन्सने काढलं, तरी स्कॉटलंड १४१८ पर्यंत त्याच्याच मागे होतं. मग तिथल्या माणसासाठी त्या वर्षात त्याचे कार्डिनल खरे की खोटे? की अर्धा युरोप भरला नाही म्हणून खोटे?

भटका_जोशी:
रात्री लिहितो. ऑफिसात आहे.