संत्र्याची सल आणि धुऱ्यावरची झाडे : वरच्या मुठीचा हलका चेनसॉ कोणता घ्यावा?

प्रश्न | वरुडचा बागायतदार

नमस्कार. वरुड तालुक्यात माझी पाच एकर संत्र्याची बाग असून झाडे अठरा वर्षांची आहेत व लागवड सहा बाय सहा मीटरवर आहे. आंबिया बहाराची (थंडीच्या अखेरीस येणाऱ्या फुलोऱ्याच्या फळांची) तोडणी आटोपली की सल, म्हणजे वाळलेल्या काड्या-फांद्या, काढण्याचे काम सुरू होते. आजवर ते कुऱ्हाड आणि हातआरीवर भागवले, परंतु दिवसभर आरी ओढणारे मजूर आता मिळेनासे झाले आहेत. शिवाय धुऱ्यावर (बांधावर) सात-आठ कडुनिंब आणि दोन जुने आंबे आहेत. त्यांच्या सावलीत कडेच्या ओळीला फळच धरत नाही, म्हणून त्यांच्याही फांद्या उतरवायच्या आहेत.

वरच्या मुठीचे, म्हणजे मूठ इंजिनाच्या वरच असलेले, तीन चेनसॉ माझ्या विचारात आहेत : स्टिल एमएस १५१ टीसी-ई (२३.६ सीसी, २.६ किलो), स्टिल एमएस १९४ टी (३१.८ सीसी, ३.३ किलो) आणि हस्कवार्ना टी४३५ (३५.२ सीसी, ३.४ किलो). ऑनलाइन मिळणारा २५.४ सीसीचा स्वस्त चिनी सॉही एका मित्राने सुचवला आहे. पाऊण किलोचा फरक दिवसभराच्या कामात खरोखर जाणवतो का? आणि व्हिडिओत दाखवतात तसा हा सॉ शिडीवर उभे राहून एका हाताने चालवता येतो का?

उत्तर | दोरावरचा, काटोल

भाऊ, तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर 'नाही' असेच आहे. या सॉच्या दोन्ही मुठी एकमेकींच्या जवळ असतात. त्यामुळे दोर आणि हार्नेसवर लटकलेल्या माणसाला तो अंगाजवळ धरून वळवता येतो. मात्र बारचे (ज्या पट्टीवर चेन फिरते तिचे) टोक फांदीला लागून सॉ उसळला, तर त्याला आवरायला हाताला जी तरफ लागते, ती मागच्या मुठीच्या सॉपेक्षा इथे कमी मिळते. म्हणूनच हा सॉ झाडावर चढून काम करण्याचे प्रशिक्षण घेतलेल्यांसाठीच आहे आणि तो दोन्ही हातांनीच धरावा, असे कंपन्यांच्या माहितीपुस्तिकांतही बजावलेले असते. आमच्यातला एक जण डाव्या हाताने फांदी धरून उजव्या हाताने कापत असे. त्याच्या डाव्या मनगटावर आठ टाके पडले, तेही चेन थांबता थांबता लागली म्हणून आठच. शिडीवर तर एक हात शिडीला गुंतलेला असतो, आणि कापलेली फांदी खाली जाताना शिडीलाच ढकलते.

आता वजनाचे पाहू. तुम्ही दिलेले आकडे बरोबर आहेत, पण ते बार, चेन, पेट्रोल आणि तेल यांच्याशिवायचे आहेत. पाव लिटर पेट्रोलचे दोनशे ग्रॅम, चेन ऑइलचे दीडशे-दोनशे आणि तीस सेंटिमीटरच्या बार-चेनचे पाचशेच्या वर, असे धरले तर ३.३ किलोचा सॉ हातात येताना सव्वाचार किलोच्या घरात गेलेला असतो. सॉ कमरेच्या उंचीवर असताना पाऊण किलोचे काही वाटत नाही. खांद्याच्या वर धरला की पहिल्या तासातच वाटते, आणि थकलेला हात बारचे टोक नको तिथे टेकवतो.

ताकदीचा हिशेब असा आहे : १५१ ला १.१ किलोवॅट, १९४ ला १.४, टी४३५ ला १.५, आणि तुमच्या यादीत नसलेल्या एमएस २०१ टीसी-एम ला ३.७ किलो वजनात १.८ किलोवॅट. किलोमागे ताकद काढली तर पहिले तिन्ही जवळपास सारखेच भरतात आणि २०१ पुढे जातो, पण त्याची किंमत रोज झाडावर चढणाऱ्यालाच परवडते. १५१ ची पाव इंची चेन बारीक काप देते व मनगटाएवढ्या फांदीतून सफाईने जाते. मात्र कडुनिंबाच्या मांडीएवढ्या फांदीत तो दमतो. धुऱ्यासाठी मी १९४ घेईन. टी४३५ वाईट नाही, पण निवड करताना तालुक्याच्या गावी सुटे भाग कोणाचे मिळतात, हे पाहून ठरवा. चिनी सॉचे भाग बाजारात भरपूर आणि स्वस्त मिळतात, हे मान्य आहे. मी वापरलेल्या एकाचा चेन ब्रेक मात्र दुसऱ्या महिन्यात ढिला झाला, आणि झाडावर ज्याच्या ब्रेकचा भरवसा नाही तो सॉ मला फुकटही नको.

उत्तर | मोर्शीची बाग

दोरावरचे दादा यांचे धुऱ्याबद्दलचे म्हणणे मान्य आहे, पण संत्र्यासाठी चेनसॉ हवाच कशाला, हे मला उमगले नाही. सल म्हणजे बहुतांशी पेन्सिलपासून अंगठ्याएवढ्या जाडीच्या वाळलेल्या काड्या. त्या सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने), दोनेक सेंटिमीटर हिरवा भाग घेऊन कापायच्या असतात, म्हणजे रोगट भाग मागे राहत नाही. एवढ्या बारीक काडीवर फिरती चेन टेकवली की ती कापली जाण्याऐवजी झोडपली जाते आणि शेजारच्या जिवंत फांदीची साल सोलते. पानसोट (जोमाने सरळ वाढणारे वांझ फुटवे) काढायलाही सिकेटरच बरा. त्याहून जाड फांदीसाठी ओढताना कापणारी, वाकड्या पात्याची घडीची आरी घ्या; ती दोन-तीनशे ग्रॅमची असते आणि शिडीवरही निभते.

दुसरे कारण रोगाचे आहे. एक्झोकॉर्टिससारखे विषाणूसदृश रोग एका झाडावरून दुसऱ्यावर हत्याराच्या पात्यावरून जातात आणि रंगपूर लिंबाच्या खुंटावर कलम केलेल्या बागेला त्यांची विशेष धास्ती असते. सिकेटर किंवा आरी प्रत्येक झाडानंतर एक टक्का सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवून मग पुसून घेता येते. तेलाने माखलेली चेन कशी बुडवणार? मोठ्या कापावर बोर्डो मलम लावायला विसरू नका : एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी. अजून एक सांगावेसे वाटते. आमच्याकडे चेन ऑइलऐवजी ट्रॅक्टरचे जळके ऑइल घालण्याची रीत पडली आहे. त्यातला धातूचा बारीक चुरा बार खातो आणि उडालेले ऑइल कापलेल्या जागेवर बसते.

उत्तर | लहान इंजिनवाला, अमरावती

मी दुरुस्तीचे काम करतो, म्हणून पेट्रोलविषयी सांगतो. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. हाताने जुळवायच्या कार्बुरेटरच्या इंजिनात दहा टक्क्यांहून अधिक अल्कोहोल असलेले पेट्रोल वापरू नये, असे स्टिलच्या पुस्तिकांत लिहिलेले असते. २०१ टीसी-एम मधील एम-ट्रॉनिक प्रणालीला, जी कार्बुरेटर आपोआप जुळवते, सत्तावीस टक्क्यांपर्यंत चालते. माझ्याकडे येणाऱ्या दहा सॉपैकी निम्म्यांचा आजार एकच असतो : हंगाम संपल्यावर टाकीत राहिलेले पेट्रोल, त्याने ओढलेला दमटपणा आणि कडक झालेला कार्बुरेटरचा पडदा. काम संपले की टाकी रिकामी करून सॉ आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. मिश्रण पन्नासास एक, म्हणजे लिटरला वीस मिली टू-स्ट्रोक ऑइल. महिनाभर पुरेल एवढे एकदम करून ठेवू नका.

उत्तर | कळमेश्वर

बॅटरीचा पर्याय कोणी काढला नाही. मी स्टिलचा एमएसए १६१ टी वापरतो. बॅटरीशिवाय तो २.१ किलोचा आहे, बॅटरी बसवली की सव्वा ते पावणेदोन किलोची भर पडते, त्यामुळे हलकेपणाची फार आशा धरू नका. फायदा असा की झाडावर दोरी ओढून सुरू करावा लागत नाही आणि दोन कापांच्या मध्ये खालच्या माणसाचे बोलणे ऐकू येते. विहिरीवरच्या शेतीपंपाच्या विजेवर मात्र भरवसा ठेवू नये. बॅटऱ्या रात्री घरीच चार्ज कराव्या लागतात.

प्रश्नकर्ता | वरुडचा बागायतदार

सर्वांचे आभार. मोर्शीच्या ताईंचे वाचून काल दहा झाडे फिरून मोजली. मनगटाहून जाड वाळलेल्या फांद्या दहा झाडांत मिळून सातच निघाल्या, बाकी सगळे सिकेटरचे काम आहे. तेव्हा बागेसाठी चार सिकेटर व दोन घडीच्या आऱ्या घेतो. धुऱ्यावरची झाडे यंदा दोरावर काम करणाऱ्यांकडून उतरवून घेईन, आणि खाली पडलेल्या फांद्यांचे तुकडे करायला मागच्या मुठीचा एमएस १८० पाहतो. त्याचे इंजिनही ३१.८ सीसीचेच आहे. त्याच्या चेनला धार लावायला कोणती कानस लागेल?

उत्तर | दोरावरचा, काटोल

बारीक घडणीची ३/८ इंची चेन असेल तर चार मिलिमीटरची गोल कानस. १५१ च्या पाव इंची चेनला ३.२ लागते, दुकानदार बहुधा दोन्ही एकाच डब्यात ठेवतो, तेव्हा मोजून घ्या. आंब्याच्या फांदीला आधी खालून एक तृतीयांश काप द्यायला सांगा, मग थोडे पुढे वरून, आणि शेवटी उरलेला खुंट बुंध्याजवळच्या फुगीर कड्याच्या बाहेरून. वरूनच कापली तर साल बुंध्यापर्यंत सोलत येते.