अ‍ॅजाइल शिकायचं आहे, सुरुवात कुठून करू?

प्रश्न : कळमना_डेव्ह
नमस्कार मंडळी. नागपुरात आयटी पार्कजवळच्या एका छोट्या कंपनीत आहे, सात जणांची टीम. कळमना मार्केटमधल्या अडत्यांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर करून राहिलो. साहेबांनी एक दिवस जाहीर केलं, आता सॉफ्टवेअर छोट्या टप्प्यांत करून दाखवत जायची पद्धत, म्हणजे अ‍ॅजाइल. जिरा (Jira) हे कामांची नोंद ठेवायचं सॉफ्टवेअर उघडून दिलं, रोज सकाळी मीटिंग सुरू झाली. ती पाऊण तास चालते आणि प्रत्येक जण साहेबांना हजेरी दिल्यासारखा बोलतो. मला हे नीट शिकायचं आहे. कोर्स लावू का?

वर्धारोडकर
सर्टिफिकेट करून टाक भाऊ. नोकरी बदलताना कामी येतं.

टेस्टरताई
सर्टिफिकेट नंतर. आधी 2001 चा अ‍ॅजाइल जाहीरनामा वाच. अमेरिकेत युटामधल्या स्नोबर्डला 17 जणांनी मिळून लिहिला, चार मूल्यं आणि बारा तत्त्वं, दहा मिनिटांचं काम. मग स्क्रम ही अ‍ॅजाइल काम करायची चौकट बनवणाऱ्या श्वेबर आणि सदरलँड यांचं स्क्रम गाइड, 2020 ची आवृत्ती. फुकट आहे, एका बैठकीत संपतं. त्यात बघ, डेली स्क्रम, म्हणजे तुमची ती रोजची मीटिंग, 15 मिनिटांची आणि डेव्हलपर मंडळींची आपसातली. स्प्रिंटचं, म्हणजे ठरलेल्या मुदतीच्या टप्प्याचं, ध्येय गाठतोय का, आज काय बदलायचं, एवढंच बोलायचं. 'काल काय केलं, आज काय करणार' हे ठरीव प्रश्न या आवृत्तीत ठेवलेलेच नाहीत. साहेबांना हेच पान दाखव.

पण खरं शिक्षण काम तोडण्यात आहे. बहुतेक टीम पहिल्या स्प्रिंटमध्ये डेटाबेस करतात, दुसऱ्यात स्क्रीन, आणि तिसऱ्यातही अडत्याला दाखवायला हाती काही नसतं. तुम्ही उभा काप घ्या, म्हणजे डेटाबेसपासून छपाईपर्यंत सगळ्या थरांतून जाणारं एकच छोटं काम. एकच शेतकरी, एकच माल, संत्रा. वजन टाकलं, भाव टाकला, हमाली-तोलाई वजा झाली, पट्टी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा हिशेबाचा कागद, छापून निघाली. बाकी काही नको. उधारी, जुने खाते, दहा प्रकारचे माल, सगळं मागाहून. छापलेल्या पट्टीवर बेरीज बरोबर आली, ती टेस्ट झाली, तेव्हाच 'झालं' म्हणायचं. 'माझ्या मशीनवर चालतं' म्हणजे झालं नव्हे, हे मी टेस्टर म्हणून जीव तोडून सांगते.

आणि कामं मांडलेल्या बोर्डावर एका वेळी किती कामं 'चालू' असावीत याला मर्यादा घाला. सात जणांत चार पुरे. दोघं मिळून एक संपवा.

कळमना_डेव्ह
ताई, पट्टीचं एकदम पटलं. पण अडते दर आठवड्याला नवीन काही मागतात, आणि संत्र्याच्या आंबिया बहाराचा माल यायच्या आत सगळं पाहिजे म्हणतात. कोणाला नाही म्हणायचं?

टेस्टरताई
तुम्ही म्हणूच नका, ते प्रॉडक्ट ओनरचं, म्हणजे काय बनवायचं ते ठरवणाऱ्याचं, काम. तो एकच माणूस हवा, कमिटी नको. नवीन मागणी आली की बॅकलॉगमध्ये, म्हणजे करायच्या कामांच्या यादीत, क्रम तो ठरवेल. तारीख हलत नसेल तर यादी आखूड करायची, झोप नाही. स्प्रिंट दोन आठवड्यांची ठेवा, महिन्यापेक्षा मोठी तर गाइडच करू देत नाही. स्प्रिंटच्या शेवटी अडत्यालाच बोलवा आणि माऊस त्याच्या हातात द्या, तुम्ही गप्प बसा. कुठे अडतो ते लिहून घ्या.

त्यानंतरची रेट्रोस्पेक्टिव्ह, म्हणजे आपण कसं काम केलं ते तपासायची टीमची बैठक, कधीच रद्द करू नका, कितीही घाई असो. माझ्या मते टीम सुधारते ती तिथेच. पहिल्या वेळी एकच विषय घ्या, ती पाऊण तासाची मीटिंग.

कळमना_डेव्ह
उद्याच एका अडत्याकडून खऱ्या पट्टीची झेरॉक्स आणतो.