सगळे कॅनक चेसला नेले नाहीत

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये पडलेल्या सगळ्या जर्मन वैमानिकांना नंतर उकरून कॅनक चेसला, म्हणजे स्टॅफर्डशायरमधल्या जर्मन लष्करी दफनभूमीत, नेलं असं कुणी म्हणतं, ते तेवढं बरोबर नाही. ब्रिटन आणि पश्चिम जर्मनीच्या 1959 च्या करारानुसार इकडेतिकडे विखुरलेल्या कबरींतलेच हलवले, पण ज्या कबरींची देखभाल कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्जवाले (युद्धातल्या मृतांच्या कबरी सांभाळणारी राष्ट्रकुल देशांची संस्था) आधीच करत होते त्या जिथल्या तिथे राहिल्या.

ससेक्समध्ये टँगमिअरला चर्चच्या आवारात आम्ही स्वतः बघितल्यात, आरएएफच्या, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या पोरांच्या जवळच जर्मन पोरं, ब्रिटिश दगडाचा माथा गोलसर आणि जर्मनांचा जरा टोकदार, एवढाच काय तो फरक, गवत दोन्हीकडे सारखंच कापलेलं. वयं वाचताना पोटात कालवतं हो. तिथून जवळच बॉक्सग्रोव्हच्या चर्चच्या आवारात बिली फिस्कची कबर आहे, आरएएफकडून लढलेला अमेरिकन वैमानिक, ऑगस्ट 1940 मध्ये गेला, तेव्हा अमेरिका युद्धात उतरलीही नव्हती.