मदत हवी आहे: रीमॅप केलेल्या गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर १९ हजार किलोमीटरमध्येच वितळला

नमस्कार. दोन वर्षांपूर्वी माझ्या टर्बो पेट्रोल गाडीचा ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) रीमॅप करून, म्हणजे त्यातली इंधन-इग्निशनची सेटिंग बदलून घेतली, तेव्हाच एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणारा नवा कन्व्हर्टरही बसवला होता. गेल्या आठवड्यात वर्धा रोडवर गाडीची ओढ अचानक गेली, साडेतीन हजार आरपीएमच्या वर ती जाईना आणि स्कॅनरवर पी०४२० हा, कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा कोड आला.

कन्व्हर्टर उतरवून आत टॉर्च मारली, तर सिरॅमिकची जाळी मध्यभागी वितळून मेणासारखी बसलेली होती, कडा मात्र शाबूत होत्या. जाळी नुसती तडकली असती, तर मी आपल्या रस्त्यांना दोष देऊन मोकळा झालो असतो; परंतु ती वितळायला साधारण १४०० अंश तापमान लागते, म्हणजे न जळलेले पेट्रोल आत जाऊन पेटत असावे. सकाळी गाडी सुरू करताना महिनाभर मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणे) जाणवत होता आणि तो मी, खरे सांगायचे तर, अंगावर काढला. तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगवर कोरडी काजळी आहे, उरलेले तीन प्लग तपकिरी आहेत. ऑइल किंवा कूलंट कमी होत नाही.

रीमॅप करणारे कन्व्हर्टरच हलक्या दर्जाचा होता म्हणतात, ते मला पटत नाही. दोष इग्निशन कॉइलचा, गळक्या इंजेक्टरचा, की लोडवर मिश्रण फार रिच (पेट्रोल जास्त) ठेवणाऱ्या मॅपचा, हे कोणत्या क्रमाने तपासावे? नागपुरात वाइडबँड सेन्सर (हवा-पेट्रोलचे प्रमाण मोजणारा) लावून लॉग काढून देणारे कोणी आहे का? कन्व्हर्टरच्या जागी सरळ पाइप टाकण्याचा सल्ला कृपया नको.